‘हाड जुळलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आहे: नडगीचं हाड मोडलेल्या रुग्णाला ‘हाड जुळलंय, पण एवढ्यात धावू नका’ असं सांगतात. जुळलं असेल तर ही अट कशाला? आणि रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात ‘ताठपणा’ व ‘मजबुती’ हे शब्द एकमेकांऐवजी चालतील का?

चालणार नाहीत, आणि अटीचं कारणही तेच आहे. आधी ‘बसणं’ वेगळं काढू. हाड बसवलं म्हणजे सरकलेले तुकडे जागेवर आणले. तेवढ्याने काही भरून येत नाही. ‘जुळणं’ किंवा ‘सांधणं’ ही पुढची पायरी: फटीवर नव्या हाडाचा, म्हणजे कॅलसचा, पूल तयार होतो. जोर लावल्यावर हा पूल वाकायला किती विरोध करतो, तो त्याचा ताठपणा. किती जोराला तो मोडतो, ती मजबुती. ताठपणा आधी परततो, मजबुती मागून येते.

सशांच्या नडगीच्या हाडांना पीळ देऊन १९७७ साली चाचण्या झाल्या, त्यात चार टप्पे दिसले. पहिल्यात हाड रबरासारखं पिळतं आणि जुन्या फटीतच तुटतं. दुसऱ्यात चांगलाच ताठपणा आलेला असतो, तरीही तुटतं जुन्या फटीतच. तिसऱ्यात थोडं फटीतून, थोडं शेजारच्या अखंड हाडातून. चौथ्यात फट शाबूत राहते आणि हाड दुसरीकडे मोडतं. फसवा टप्पा दुसरा. ‘जुळलंय, पण’ मधला ‘पण’ इथला आहे.

यात आकाराचाही वाटा आहे. भरीव गोल दांड्याचा व्यास दीडपट केला तर वाकण्याविरुद्धचा ताठपणा पाचपट होतो, मजबुती मात्र साडेतीनपटीच्याही आतच राहते. जाड कॅलस म्हणूनच लवकर ताठ वाटतो.

नडगीला बाहेरून फिक्सेटर, म्हणजे हाडात घातलेले स्क्रू धरून ठेवणारा सांगाडा, लावलेला असेल तर ताठपणा थेट मोजता येतो. फिक्सेटरचा दांडा काढून स्क्रूंना कोनमापक जोडतात, पाय दोन्ही टोकांना टेकवून मधे जोर देतात. पुढून-मागून वाकवताना एका अंशाला १५ न्यूटन-मीटर (वाकवणाऱ्या जोराचं माप) लागले, तर फिक्सेटर काढायला हरकत नाही, असा निकष १९९४ पासून वापरात आहे. स्क्रू ढिले असतील किंवा दुखल्यामुळे रुग्णाने स्नायू आवळले, तर आकडा बिघडतो.

आत सळई किंवा प्लेट असेल तर ही चाचणी निरुपयोगी, कारण भार धातूच पेलतो. तिथे समोरून आणि बाजूने एक्स-रे काढून हाडाच्या चारही कडांना १ ते ३ गुण देतात: कॅलस नाही तर १, कॅलस आहे पण फट दिसते तर २, पूल आहे आणि फट दिसत नाही तर ३. बेरीज ४ ते १२. हा अंदाज आहे. एक्स-रेमध्ये कॅलसमधलं खनिज दिसतं, मजबुती नव्हे.

‘ताठपणा’ लिहिताना एक काळजी घ्यावी. रुग्ण ‘गुडघा ताठलाय’ म्हणतो ती सांध्याची तक्रार असते. तिथे ‘आखडणं’ लिहावं. ‘कठीणपणा’ हा तिसराच गुण, ओरखडा किंवा टोच सोसण्याचा. माहितीपत्रकात मी असं लिहीन: ‘हाड जुळलं आहे, आता वाकत नाही, पण पडलात तर त्याच जागी पुन्हा मोडू शकतं.’