“आपणही गोरे नाही, मग ह्यांनाही दुप्पटच ना?”

मूळचे साताऱ्याचे, गेली 22 वर्षं इंग्लंडमध्ये स्लाउला राहणारे 52 वर्षांचे एक गृहस्थ, स्वतःची तपासणी करून घ्यावी का हे विचारायला, पत्नीसह आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गोदामात त्यांच्यासोबत काम करणाऱ्या जमैकन मित्राला प्रोस्टेटचा (पुरुषांत मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीचा) कॅन्सर निघाला होता. कृष्णवर्णीयांना हा धोका दुप्पट असतो, असं त्या मित्राला सांगितलं गेलं होतं. पत्नीने थेट विचारलं, “आपणही काही गोरे नाही. मग ह्यांनाही दुप्पटच ना?”

तिथले बरेच भारतीय अशी गल्लत करतात. धोका कातडीच्या रंगावर ठरत नाही. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत आठव्या गुणसूत्रावरचे काही जनुकीय बदल जास्त आढळतात, त्यांचा यात वाटा आहे, सावळेपणाचा नाही. इंग्लंडमधल्या 2008 ते 2010 च्या नोंदींनुसार आयुष्यभरात हे निदान होण्याची शक्यता गोऱ्या पुरुषांत 8 पैकी 1, कृष्णवर्णीयांत 4 पैकी 1 आणि आशियाई पुरुषांत 13 पैकी 1 आहे.

13 पैकी 1 ऐकताच गृहस्थांनी खुर्चीला पाठ टेकली. “म्हणजे टेस्ट नको.”

त्यांना इथेच थांबवावं लागलं. एकदा निदान झालं की या आजाराने मृत्यू येण्याचं प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखंच, साधारण 3 पैकी 1 आहे, हेही त्याच नोंदी सांगतात. आशियाई आहोत म्हणून झालेला आजार सौम्यच असेल, असं धरून चालता येत नाही. शिवाय 13 पैकी 1 ही सगळ्या गटाची सरासरी. तुमच्या घरात काय आहे, ते तिला ठाऊक नसतं.

“घरात कुणाला?” असं विचारल्यावर उत्तर आलं, “नाही. थोरल्या भावाचं प्रोस्टेटच्या गाठीचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय, तेवढंच.” वाढलेली गाठ आणि कॅन्सर या वेगळ्या गोष्टी. पण अशा ऑपरेशनात खरवडून काढलेले तुकडे तपासणीला जातात, म्हणून तो रिपोर्ट बघायचाच. साताऱ्याला फोन झाला. व्हॉट्सॲपवर फोटो आला: डिस्चार्ज कार्डामागे टाचलेला, घडीवर पिवळा पडलेला पॅथॉलॉजीचा कागद. शेवटच्या ओळीत ‘एडिनोकार्सिनोमा’, म्हणजे कॅन्सरच. भावाला दर तीन महिन्यांनी मिळणारं कॅन्सरवरचं इंजेक्शन घरात ‘ताकदीचं’ म्हणून ओळखलं जात होतं. आपल्याकडे काळजीपोटी अशी लपवाछपवी होते, आणि तिची किंमत धाकटा भाऊ मोजतो. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा कॅन्सर असेल तर धोका साधारण अडीचपट होतो. आई-बहिणींना स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला होता का, हेही विचारावं. हे कॅन्सर आणि प्रोस्टेटचाही कॅन्सर होण्याचा धोका वाढवणारा बीआरसीए2 या जनुकातला दोष पुरुषांतही उतरतो.

इंग्लंडमध्ये पन्नाशीनंतर त्रास नसला तरी जीपीकडे (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाची, रक्ततपासणी मागता येते. त्रास होईपर्यंत थांबू नये, कारण सुरुवातीच्या टप्प्यात बहुधा काहीच जाणवत नाही. तपासणीआधी 48 तास वीर्यस्खलन आणि जोराचा व्यायाम टाळायचा. हे गृहस्थ रोज सायकलने कामावर जायचे, म्हणून दोन दिवस बस. लघवीचा संसर्ग झाला असेल तर सहा आठवडे थांबायचं, नाहीतर आकडा उगाच चढतो.

पीएसए आलं 1.9. त्यांच्या वयाला 3 किंवा जास्त आलं तर पुढे पाठवतात, म्हणून रिपोर्ट ‘नॉर्मल’ ठरला. पण औषधांची यादी करताना पत्नीलाही माहीत नसलेली एक गोळी निघाली: केसगळतीसाठी वर्षभर घेतलेली फिनास्टेराइड. ती पीएसए साधारण निम्म्यावर आणते, म्हणून आलेला आकडा दुप्पट धरायचा: 3.8. जीपीला हे कळवल्यावर एमआरआय झाला. (पीएसए वाढलेल्या चौघांपैकी तिघांना कॅन्सर नसतो, हे आधीच सांगून ठेवलं होतं, एमआरआयची वाट पाहण्याच्या दोन आठवड्यांत त्याचा आधार झाला.) संशयास्पद काही दिसलं नाही. बायोप्सी टळली, पीएसए मात्र ठरावीक काळाने करत राहायचं आहे.

जाताना त्यांनी तयारीच्या सूचना इंग्रजीत लिहून मागितल्या. जमैकन मित्राचा धाकटा भाऊ 46 वर्षांचा आहे आणि कृष्णवर्णीय पुरुषांनी 45 पासूनच जीपीशी बोलावं, हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.