प्राध्यापक ऑनलाइन शिकवायला नाखूश का असतात? वयामुळे?

एम.एड.च्या लघुशोधासाठी तुम्ही विचारलंय, की मराठवाड्यातल्या प्राध्यापकांचा ऑनलाइन अध्यापनाला विरोध का, आणि ‘वय वाढतं तसा विरोध वाढतो’ ही परिकल्पना टिकेल का. मी परभणी जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी गणित शिकवते. कॉलेज नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे. आमच्या स्टाफरूमपुरतं सांगायचं तर परिकल्पना टिकत नाही.

आमच्याकडचे सगळ्यात ज्येष्ठ सर मार्च २०२० पर्यंत मोबाईल फक्त फोन घ्यायला वापरायचे. टाळेबंदी लागल्यावर त्यांनी दोन स्टीलचे डबे मांडले, त्यावर लाकडी फूटपट्ट्या आडव्या टाकल्या, मोबाईल रबराने बांधला आणि खाली वही ठेवली. सिद्धता ओळीओळीने उतरायची, फळ्यावर उतरावी तशी. आम्ही त्यांच्यापेक्षा लहान माणसं मात्र तयार पीपीटी वाचून दाखवत होतो. (पीपीटीवर गणित कळलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.) फुकटच्या झूमची ४० मिनिटं संपून मीटिंग तुटली, की दुसऱ्या दिवशी सर म्हणायचे, “काल घंटा झाली होती.”

ठाम नकार दिला तो तिशीतल्या सहकाऱ्याने. गूगल क्लासरूम, गूगल फॉर्म, व्हिडिओ एडिटिंग, सगळं त्याच्याकडूनच आम्ही शिकलो. पण तो तासिका तत्त्वावर. म्हणाला, “मॅडम, मला तासाचे पैसे मिळतात. अख्खा विषय रेकॉर्ड करून दिला तर पुढच्या वर्षी मला कशाला बोलावतील?” मला काही उत्तर सुचलं नाही. कायम नोकरीतल्या आम्हा लोकांना तोवर तो आळस वाटत होता.

तुमची प्रश्नावली बहुधा फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९च्या तंत्रज्ञान स्वीकृती प्रारूपावर बेतलेली असेल: साधन उपयोगी वाटतं का, सोपं वाटतं का. या सहकाऱ्याने दोन्हीला पैकीच्या पैकी गुण दिले असते आणि तरी रेकॉर्डिंग दिलं नसतं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२१मध्ये ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवरून सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय करायला मुभा दिली (आधी ती २० होती), तेव्हा स्टाफरूममध्ये अभ्यासक्रम चांगले की वाईट यावर कुणी बोललंच नाही. पहिला प्रश्न आला, “कार्यभार कमी होणार का?” कार्यभार, म्हणजे शिकवायचे तास, घटला की पद धोक्यात येतं, हे इथे शिपायालाही माहीत आहे.

माझा स्वतःचा उत्साह मात्र दुसऱ्याच गोष्टीने गेला. वर्गात एप्सिलॉन-डेल्टा (सीमेची काटेकोर व्याख्या) शिकवताना पोरांच्या कपाळावरून कळतं की गाडी कुठे अडली. स्क्रीनवर नुसते काळे चौकोन. मधूनच कुणीतरी, “मॅडम, आवाज कट व्हायलाय.” रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर दोन भावंडं शिकत होती, एक पोरगी रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून बसायची. मग मी गूगल मीट सोडून व्हॉट्सॲपवर दहा मिनिटांचे ऑडिओ आणि वहीचे फोटो टाकायला लागले. शंका यायला लागल्या, रात्री अकरालासुद्धा. पण कॉलेजच्या अहवालाला हवे होते मीटिंगचे स्क्रीनशॉट, उपस्थितीच्या आकड्यासकट. ऑडिओचा स्क्रीनशॉट काय काढणार? माझे ते तास ‘निरंक’ लागले. पुढच्या महिन्यात मीही बाकीच्यांसारखी मीटिंग लावून पीपीटी वाचायला लागले.

तेव्हा नमुना निवडताना वयोगटांबरोबर कायम आणि तासिका असे गट वेगळे करा, आणि एक प्रश्न जरूर घाला: ‘तुमच्या व्याख्यानाचं रेकॉर्डिंग कोणाच्या मालकीचं आहे, हे तुम्हाला कुणी लेखी दिलं आहे का?’ फॉर्मवर नाव मात्र मागू नका. तासिकावाले खरं लिहिणार नाहीत.