वाचकांचे प्रश्न : उत्सर्जनावरची बैठक आणि न येणारे शेजारी

प्रश्न : वसाहतीचं कार्बन उत्सर्जन कमी करण्यासाठी दोनदा बैठक बोलावली. दोन्ही वेळा तीच आठ-दहा मंडळी आली. बाकीच्यांना कसं आणावं?

उत्तर : सूचनाफलकावर सरसकट निमंत्रण लावलं की ज्यांना विषयात आधीपासून रस आहे तेच येतात. त्यापेक्षा सोडत काढा. फ्रान्सच्या २०१९-२० मधल्या हवामानविषयक नागरिक परिषदेत १५० जण होते, ब्रिटनच्या २०२० मधल्या परिषदेत १०८. दोन्हीकडची माणसं सोडतीनेच निवडली होती, आणि वय, शिक्षण, राहण्याचा भाग यांचं प्रमाण देशाशी जुळेल हे पाहिलं होतं.

तुम्ही घरमालक आणि भाडेकरू अशा दोन याद्या करा. (भाडेकरूंना बहुतेक ठिकाणी कोणी विचारतच नाही, वीज मात्र तेही वापरतात.) त्यांत वयोगट पाडा आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या काढा. चोवीस जण हवे असतील तर साठ-सत्तर घरांना विचारावं लागेल, कारण नकार येणारच. निमंत्रण दारावर जाऊन द्या. वेळ दीड तासाची ठेवा, ती पाळा आणि लहान मुलांची सोय शेजारच्या खोलीत करा, नाहीतर तरुण आईबाप गळतात. निमंत्रणावर ‘हवामानबदल’ असं मोघम लिहू नका. ‘जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप, सामायिक वीजबिल’ असं लिहा.

प्रश्न : टनांचे आकडे सांगितले की लोक जांभया देतात. काय करावं?

उत्तर : जगाचे आकडे बाजूला ठेवा, त्यांच्याच जिन्याचा हिशेब मांडा. समजा, जिन्यात जुन्या चोकच्या २० ट्यूब आहेत. चोकसकट एक ट्यूब सुमारे ५० वॅट खाते. २० वॅटची एलईडी लावली तर ३० वॅट वाचतात. रोज १२ तास धरले तर दिवसाला ७.२ युनिट, वर्षाला सुमारे २,६०० युनिट. वीज कोळशाची असेल तर युनिटमागे ढोबळ एक किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे अडीच टनांच्या आसपास. जलविद्युत किंवा पवनऊर्जा जास्त असेल तर आकडा बराच उतरतो. म्हणून आपल्या वीजजाळ्याचा अधिकृत गुणक (एका युनिटमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड, तो आकडा) शोधून तोच वापरा. फुगवलेला एक आकडा पकडला गेला की उरलेल्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

वाहनांसाठी पेट्रोलच्या लिटरमागे सुमारे २.३ किलो आणि डिझेलच्या लिटरमागे २.७ किलो धरा. इथे कुणीतरी हमखास विचारतं : लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग त्यातून सव्वादोन किलो वायू कसा निघेल? रास्त शंका आहे. जळताना इंधनातला कार्बन हवेतला ऑक्सिजन घेतो. १२ भाग कार्बनला ३२ भाग ऑक्सिजन जोडला जाऊन ४४ भाग वायू होतो. वाढलेलं वजन हवेतून आलेलं असतं. हे फळ्यावर मांडा, टाळू नका.

प्रश्न : दोघं-तिघंच बोलतात आणि विषय पार्किंगवर घसरतो.

उत्तर : पार्किंग हा विषयाबाहेरचा मुद्दा नाही, चार्जिंगची आणि सायकलींची जागा तिथूनच निघते. तरी त्याच बैठकीत वाद नको. भिंतीवर ‘पुढच्या बैठकीसाठी’ असा कागद लावा आणि मुद्दा मांडणाऱ्यासमोरच तो लिहून घ्या.

व्यासपीठ आणि रांगा काढून टाका. सहा ते आठ जणांची कोंडाळी करा. पहिली पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपला मुद्दा चिठ्ठीवर लिहायचा. लिहिणं अवघड जाणाऱ्यांसाठी शेजारी लिहून देणारा हवा. मग एकेक चिठ्ठी वाचायची. सगळ्यांची एक फेरी होईपर्यंत कोणालाही दुसरी पाळी नाही. सूत्रसंचालन समितीच्या अध्यक्षांकडे देऊ नका. लोक त्यांचा चेहरा बघून बोलतात.

प्रश्न : सगळे ‘हो’ म्हणतात, पुढे काहीच होत नाही.

उत्तर : कोणता निर्णय या बैठकीत होऊ शकतो आणि कोणता वरच्या यंत्रणेच्या हातात आहे, हे सुरुवातीलाच सांगा. शेवटी काम, ते करणारा आणि तारीख लिहून आठवड्याभरात घरोघर पोचवा. नाकारलेल्या सूचनाही कारणांसह त्यात असू द्यात. काम सुरू होण्याआधी सामायिक मीटरची बारा महिन्यांची बिलं जमवा. नंतर तुलना करताना मे महिना मागच्या मे महिन्याशीच लावा, कारण ऋतूप्रमाणे वापर बदलतो आणि लागोपाठच्या महिन्यांत दिसलेली बचत फसवी असू शकते.