दर वेळी वेगळं रीडिंग का?

प्रश्न : १५०० आरपीएमच्या पंप-मोटरचं अलाइनमेंट (दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणणं) वायरलेस लेझरने करतो. लागोपाठ दोन रीडिंग जुळत नाहीत. सेन्सर खराब आहे का?

उत्तर : सेन्सरवर शंका शेवटी घ्या. आधी लॉकआउट करून (वीज बंद करून कुलूप लावून) मोटरचा सॉफ्ट फूट, म्हणजे नीट न टेकलेला पाय, पाहा. चारही बोल्ट घट्ट ठेवून एकेक सैल करा, पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचलला तर तिथे शिम (पातळ पत्र्याची पट्टी) हवी. एका पायाखाली तीन-चारच शिम ठेवा. गंजक्या, चुरगळलेल्या पातळ शिमांची थप्पी स्प्रिंगसारखी दबते आणि रीडिंग हलतं.

मग सेन्सर धरणाऱ्या ब्रॅकेटची साखळी हाताने ताणून पाहा. ब्रॅकेट कपलिंगच्या (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाच्या) लवचिक भागावर नको, शाफ्टवर किंवा घट्ट हबवर हवं. शाफ्ट एकाच दिशेने फिरवा. पुढे गेला म्हणून मागे आणलात की कपलिंगमधला बॅकलॅश (सैलपणा) रीडिंगमध्ये शिरतो. शाफ्ट फिरवण्याचा शक्य तितका मोठा कोन घ्या, किमान ६० अंश.

ऑफसेट (दोन शाफ्टच्या मध्यरेषांमधलं अंतर) ०.०६ मिमीच्या आत आणा. पंप गरम पाण्याचा असेल तर थंड मापावर थांबू नका: २५० मिमी उंचीचा पोलादी आधार ४० अंश सेल्सियसने तापला की साधारण ०.१२ मिमी वाढतो. तेवढी मोटर आधीच वर ठेवावी लागते.