ॲक्शन पिक्चरमधल्या बंदुका खऱ्या असतात का? आणि हिरो चालवतो तशा त्या चालतात का?

बंदूक पुष्कळदा खरी असते, चालवणं खोटं असतं.

मी १८ वर्षं फौजेत आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. हे आधीच सांगतो, कारण याच गोष्टीवरून मी भर घरात बोलणी खाल्ली आहेत.

सात-आठ वर्षांपूर्वी थोरल्या साडूंच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जेवणं उरकून पुरुषमंडळी टीव्हीसमोर लवंडली होती. लढाईचा पिक्चर चालू होता. वाळूत उभ्या हिरोने कमरेला एसएलआर रायफल लावली आणि बागेला पाणी मारावं तशी सगळीकडे फिरवली. माझ्या तोंडून निघून गेलं, "एसएलआर बर्स्ट मारत नाही." बर्स्ट म्हणजे ट्रिगर दाबून धरला की सुटणारी गोळ्यांची सर. साडू कारखान्यात टाइमकीपर, पण रणगाड्यापासून राफेलपर्यंत सगळं यूट्यूबवरून तोंडपाठ. ते उठूनच बसले. "मारते. मी बघितलंय."

इन्सास ही नवी रायफल यायच्या आधी आमच्याकडे हीच ७.६२ मिलिमीटरची रायफल होती. सेल्फ लोडिंग हे तिच्या नावातच आहे. पुढची गोळी ती आपली आपण चढवते, पण एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी सुटते. मॅगझिन २० चं. रिकामीच सव्वाचार किलोच्या वर. बट खांद्यात घट्ट रोवली नाही तर रात्री बनियन काढताना खांदा सांगतो काय चुकलं ते. मी हे सगळं समजावलं. साडू म्हणाले, "तुम्ही पान्हा घेऊन बसणारी माणसं, साडूभाऊ. चालवणारे वेगळे." खोलीत दहा-बारा जण होते. मेव्हण्याने हसू दाबलं ते मला दिसलं.

तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण मी खोक्याचा किस्सा काढला.

खोका म्हणजे गोळी झाडल्यावर उरतं ते रिकामं पितळ, पेपरवाले पुंगळी म्हणतात ती. फायरिंग संपलं की जेवढ्या गोळ्या दिल्या तेवढे खोके मोजून परत करायचे. रिक्रूट असताना एकदा दुपारी मोजणी झाली आणि एक खोका कमी भरला. सगळी कंपनी ओळीने गुडघ्यांवर, गवत बोटांनी विंचरत पुढे सरकते आहे, उस्ताद मागून शिव्या घालतोय. लंगरचा चहा आला आणि निवून परत गेला. दिवेलागणीला खोका सापडला तो ज्या ताडपत्रीवर पालथं पडून आम्ही फायर केलं होतं तिच्या घडीत. ती घडी मीच घातली होती. वास्तुशांतीत एवढं मात्र मी सांगितलं नाही.

म्हटलं, तेव्हापासून हिरोने पितळेचा पाऊस पाडला की माझं लक्ष जमिनीकडे जातं. हे वेचणार कोण? साडू म्हणाले, "म्हणजे फौजेत तुम्ही खोके वेचत होता!" सगळी खोली हसली. बायको उठून म्हणाली, "चला, शेवटची एसटी चुकेल." अजूनही प्रत्येक लग्नात, बारशाला विचारतात, "काय साडूभाऊ, खोका सापडला का?"

असो. तुमचं उत्तर. एके-४७ मिनिटाला ६०० च्या वेगाने मारते, म्हणजे सेकंदाला दहा. मॅगझिन ३० चं, म्हणजे तीन सेकंदांत खेळ खलास. पिक्चरमध्ये गाणं संपेपर्यंत चालते. गोळी लागून माणूस पाच फूट मागे उडतो हेही थोतांड. बंदूक मारणाऱ्याच्या खांद्याला जेवढा धक्का देते, त्याहून जास्त गोळी खाणाऱ्याला कुठून देणार? मारणारा तर जागचा हलत नाही. सायलेन्सर लावल्यावर येतो तो 'फुस्स' आवाजही स्टुडिओतला. खऱ्याने दणका कमी होतो, पण शेजारच्या खोलीतला माणूस जागा होणारच.

खऱ्या बंदुकीतून सेटवर ब्लँक मारतात. त्यात बारूद असते, पुढची गोळी नसते. पण गोळी नसली की नळीत दाब धरत नाही आणि रायफल पुढचा राउंड, म्हणजे काडतूस, चढवत नाही. म्हणून नळीच्या तोंडाशी बारीक भोकाचं बूच बसवतात. ते कोण बसवतं? आर्मरर. हल्ली पुष्कळ ठिकाणी गॅसवरच्या नकली बंदुका वापरतात आणि जाळ कॉम्प्युटरवर भरतात.

आणि ब्लँक म्हणजे फटाकडी नव्हे. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटाने सेटवर गंमत म्हणून ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून ट्रिगर दाबला. वाचला नाही. १९९३ मध्ये ब्रँडन ली हा नट सेटवर गेला तो तर केवळ हलगर्जीपणाने. आधी वापरलेल्या डमी राउंडचं, म्हणजे नुसत्या दाखवायच्या काडतुसाचं, टोक नळीत अडकून राहिलं होतं, ते कोणी बघितलं नाही, आणि मागून ब्लँकने ते बाहेर फेकलं. नळीला डोळा लावून उजेडाकडे धरायला दोन सेकंद लागतात. पान्हा घेऊन बसणारी माणसं हेच काम करतात, साडूभाऊ.

आता एक राहिलं, प्रामाणिकपणे सांगतो. एसएलआरचा १सी नावाचा एक प्रकार आपल्याकडे निघाला होता, बीएमपी या चिलखती गाडीच्या झरोक्यातून मारायला. तो बर्स्ट मारायचा. पण पिक्चरमधला हिरो बीएमपीत बसला नव्हता, आणि साडूंना १सी अजून सापडलेली नाही. कोणी कळवू नये.