मावसभाऊ आणि आयतं सैन्य

प्रश्न : ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ या मोबाइल गेममध्ये आमच्या क्लॅनचा, म्हणजे खेळाडूंच्या गटाचा, लीडर मी आहे. मावसभाऊ रोज सैन्य मागतो, देत मात्र कुणालाच नाही. वॉरमधले, म्हणजे दुसऱ्या क्लॅनशी होणाऱ्या लढाईतले, त्याच्या वाट्याचे दोन्ही हल्ले न करताच पडून राहतात. काढलं तर मावशी आईला फोन करेल. काय करू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : अरे, आयत्या बिळावर नागोबा प्रत्येक घरात एक असतो! आमच्या पंचवटीतल्या मित्रमंडळात एक जण मिसळीचं बिल आलं की नेमका हात धुवायला उठायचा. तो परत येईपर्यंत कुणीतरी पैसे दिलेले असायचे. चूक आमचीही होतीच.

गंमत म्हणजे सगळे फुकटे लबाड नसतात. माक्स रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याचे दोर ओढण्याचे प्रयोग 1913 साली प्रसिद्ध झाले. ओढणारी माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी भरायचा. तुझ्या क्लॅनमध्ये तर 50 जणांपर्यंत जागा. ‘दुसरा देईलच की’ असं वाटणारच.

तेव्हा लगेच काढू नकोस. सदस्यांच्या यादीत दिलेल्या-घेतलेल्या सैन्याचे आकडे असतात, त्याचा स्क्रीनशॉट फक्त त्यालाच पाठव. ग्रुपवर टाकलास तर विषय सैन्याचा न राहता मानाचा होईल. पुढच्या वॉरची यादी तूच करतोस ना? त्यातून त्याला वगळ, क्लॅनमध्ये राहू दे.

आणि मावशीचा फोन आलाच, तर आईला नको, तू उचल.