उपकेंद्रावर नेट नसताना लहान मुलांच्या औषधाचा डोस मोबाईलवर कसा काढावा?

तुमचा प्रश्न असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणून काम, रेंज येते-जाते; मुलांचा डोस काढायला कोणतं अ‍ॅप घ्यावं, आणि चॅटजीपीटीला विचारलं तर चालेल का?

चॅटजीपीटीचं आधी उरकतो. रेंज नसताना ते उत्तरच देणार नाही. शिवाय केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन सूचनांत स्पष्ट आहे की एआयवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही की औषध लिहून द्यायचं नाही. डॉक्टरला मदत करायला मुभा आहे. अडलंच तर रेंज आल्यावर ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवरून डॉक्टरांना विचारा.

संदर्भासाठी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ (एमएसएफ) या संस्थेचं ‘एमएसएफ मेडिकल गाईडलाईन्स’ हे मोफत अ‍ॅप ठेवा. एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. मराठी-कन्नड नाही, इंग्रजीतच वाचावं लागेल. पण प्रत्यक्ष हिशेबाला मी गूगल शीट्सच सांगेन, कारण त्यात तुमच्या कपाटातल्याच बाटल्या भरता येतात.

शीट काँप्युटरवर बनवा. एका ओळीत चार रकाने: वजन, एका वेळचे किलोमागे मिलिग्रॅम, ५ मिलीत किती मिलिग्रॅम, आणि उत्तर. सूत्र: वजन गुणिले डोस, भागिले बाटलीची ताकद, गुणिले ५. वजनाच्या रकान्यात ३ ते २५ च्या बाहेरचा आकडा घेऊ नये अशी अट घाला, नाहीतर घाईत ८.५ चा टिंब सुटून ८५ होतात. सूत्राचा रकाना लॉक करा. आकडे इंग्रजी कीबोर्डनेच टाका. मराठी अंकांना शीट मजकूर समजलं तर सूत्र अडतं. मग फोनवर फाईलशेजारच्या तीन टिंबांतून ‘ऑफलाईन उपलब्ध’ चालू करा. हे रेंजमध्ये असतानाच करायचं, अनेकांचं इथेच राहून जातं. दहा-बारा उदाहरणं हाताने सोडवून ताळा करा आणि मेडिकल ऑफिसरची सही असलेली छापील प्रत कपाटाच्या दाराला आतून लावा.

आता खरी चूक कुठे होते ते बघा. साडेनऊ किलोचं मूल, पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १४२.५ मिलिग्रॅम. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमवाल्या सिरपचे ५.७ मिली, २५० च्या सिरपचे २.८५ मिली, आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेल्या ड्रॉप्सचे जेमतेम १.४ मिली. सिरपचा ५.७ हा आकडा घेऊन कुणी ड्रॉप्सची बाटली उचलली तर पोटात जातात ५७० मिलिग्रॅम, किलोमागे ६०. म्हणजे दिवसभराची कमाल मर्यादा एका घोटात. फोनचं गणित बरोबरच होतं, बाटली चुकली. म्हणून ताकदीचा रकाना आठवणीने भरू नका. बाटली हातात घेऊन लेबल वाचून भरा. ड्रॉप्ससाठी वेगळी ओळ, वेगळा रंग, आणि तिथे सूत्रात ५ ने गुणणं नाही.

वजनाचंही तेच. वयावरून अंदाज बांधू नका. आपल्याकडची कुपोषित पोरं वयावरून काढलेल्या वजनापेक्षा हलकी निघतात आणि डोस जास्त जातो. काटा नसेल तर अंगणवाडीतला आणा, आधी शून्यावर आहे का बघा.

सगळंच वजनाने गुणायचं नसतं. न्यूमोनियात अमॉक्सिसिलिनच्या २५० मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या गोळ्या वजनाच्या टप्प्यांवर देतात: ४ ते १० किलोच्या आत एक, १० ते १४ च्या आत दोन, दिवसातून दोनदा, ५ दिवस. जुलाबात झिंक सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याआधी १०, १४ दिवस. आणि खानापूरच्या जंगलपट्टीत हे नक्की लक्षात ठेवा: सर्पदंशावरचं प्रतिविष (ज्याला लोक लस म्हणतात) मुलाला मोठ्या माणसाइतकंच लागतं, कारण विष सापाने तेवढंच सोडलेलं असतं. ती ओळ शीटमध्ये घालूच नका.

हाती फोन किंवा टॅब आला की उपचार आपोआप सुधारतात असंही नाही. कर्नाटक आणि हरियाणातल्या ४० सामुदायिक केंद्रांत बीपी-शुगरसाठी नर्सच्या हाती टॅब देऊन उपचार ठरवायला मदत करणाऱ्या ‘एमवेलकेअर’ या प्रणालीची चाचणी झाली. २०१८ चा निकाल: वर्षभरानंतर टॅबशिवायच्या केंद्रांपेक्षा बीपी किंवा साखर जास्त उतरली नव्हती.

शेवटचा टप्पा आईचा. चिठ्ठी इंग्रजीत, पाकिटावर कन्नड, घरात मराठी. पाकिटावर सूर्य-चंद्र काढा, ‘बेळिग्गे’ (कन्नडमध्ये सकाळी) लिहून भागत नाही. ‘चमचाभर’ हा शब्दच टाळा, घरोघरी चमचा वेगळा. ५ मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजवर पेनाने रेघ मारा आणि तिच्याच हाताने एकदा पाणी भरून दाखवायला सांगा. मराठीत व्हॉइस नोट पाठवायची असेल तर फोन कुणाकडे असतो ते आधी विचारा. तो बऱ्याचदा नवऱ्याच्या खिशात असतो, आणि नवरा गोव्याला कामावर.